बास गिटार : दणका नव्हे, स्वर!

नवरात्र आले की यवतमाळ शहराचे रूप पालटते. येथील दुर्गोत्सवाची कीर्ती विदर्भभर पसरलेली आहे. देखावे, रोषणाई, जागरण आणि रात्र चढत जाईल तसा चढत जाणारा ध्वनिक्षेपकांचा आवाज, हे सारे आता उत्सवाचेच अंग झाले आहे. या गर्दीत एक फर्माईश हमखास ऐकू येते, 'बास वाढव!' छाती हादरली, खिडकीची तावदाने थरथरली की बास उत्तम, अशी आपली सर्वसाधारण समजूत झालेली आहे.

संगीताच्या भाषेत मात्र बास म्हणजे दणका नव्हे. बास म्हणजे खर्जातला स्वर. त्याला उंची असते, लांबी असते, आरंभ असतो आणि शेवटही असतो. तो कोठे थांबतो याला तो कोठे सुरू होतो याइतकेच महत्त्व आहे. गाण्याच्या मुळाशी राहून साऱ्या वाद्यांना आधार देणारा हा स्वर निर्माण करण्याचे काम आधुनिक वाद्यवृंदात बास गिटारकडे असते. दुर्दैवाने लहान शहरांतील अनेक वाद्यवृंदांतून हे वाद्य हळूहळू मागे पडले. त्याचे काम कीबोर्डवादकाचा डावा हात किंवा आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक करू लागला. जे तरुण आजही हौसेने हे वाद्य हाती घेतात त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र गुरू सहसा लाभत नाही. आवाज मनासारखा येत नाही म्हणून ते आधी गिटार बदलतात, मग अँप्लिफायर बदलतात. हजारो रुपये खर्च होतात आणि आवाज होता तसाच राहतो. कारण दोष बहुधा वाद्यात नसून हातात असतो. हातातील दोष दूर करण्यास पैसे लागत नाहीत, फक्त वेळ आणि कान लागतात.

तानपुऱ्याची शेवटची तार

बास गिटार हे पाश्चात्त्य वाद्य असले तरी त्यामागील कल्पना आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडील गवई खर्जाचा रियाज करतात. मंद्र सप्तकातील षड्जावर आवाज स्थिर करायचा, श्वास पुरेल तोवर तो टिकवायचा, त्यात कंप येऊ द्यायचा नाही. या साधनेनेच आवाजाला वजन येते, अशी परंपरेची शिकवण आहे. तानपुऱ्यातही पंचम आणि जोडीच्या षड्जाच्या तारांनंतर येते ती खर्जाची जाड तार. ती छेडल्यावाचून आवर्तन पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही.

येथे एक गणित लक्षात घेण्याजोगे आहे. तानपुरा 'काळी एक' पट्टीत लावला असता त्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९.३ भरते. बास गिटारच्या ए या तारेवरील चौथ्या पडद्यावर नेमका हाच स्वर मिळतो. म्हणजे बासवादक ज्या प्रदेशात वावरतो तो आपल्या खर्जाचाच प्रदेश होय. प्रमाणित चार तारांच्या बास गिटारमध्ये ई, ए, डी आणि जी या तारा असतात. त्यांच्या कंपनसंख्या अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ आहेत. नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा हे स्वर बरोबर एक सप्तक खाली आहेत.

म्हणून नवशिक्या वादकाचा पहिला रियाज वेगवान बोटांचा नसावा, खर्जाचा असावा. तानपुरा लावावा, षड्जाचा पडदा शोधावा, तार एकदाच छेडावी आणि स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. आरंभी खट् असा आवाज आला काय? मध्येच तार पडद्यावर घासली काय? शेजारची तार गुणगुणू लागली काय? स्वर विरण्याआधीच डाव्या हाताचा दाब सैल झाला काय? या चार प्रश्नांच्या उत्तरांतच वादनातील बहुतेक दोष सापडतात.

एक वाद्य, दोन आवाज

विजेवर चालणाऱ्या बास गिटारचे प्रयत्न अमेरिकेत १९३०च्या दशकातच झाले होते. परंतु या वाद्याला खरी मान्यता मिळाली ती लिओ फेंडर यांच्या 'प्रिसिजन बास'मुळे. तो १९५१ मध्ये बाजारात आला. तोपर्यंत वाद्यवृंदात हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बास करीत असे. त्याच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे स्वर कानाने शोधावा लागतो. फेंडर यांनी वाद्य लहान केले, गळ्यात अडकवता येईल असे केले आणि त्यावर पडदे बसवले. स्वर अचूक मिळतो म्हणून नाव 'प्रिसिजन'. पुढे १९६० मध्ये त्यांच्याच कारखान्यातून 'जाझ बास' बाहेर पडला. आज जगभर बनणाऱ्या बहुसंख्य बास गिटार याच दोन नमुन्यांच्या वंशातील आहेत.

या दोन वाद्यांशी दोन वादकांची नावे कायमची जोडली गेली आहेत. डेट्रॉइटच्या मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीतील जेम्स जेमर्सन (१९३६-१९८३) उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून प्रिसिजन बास वाजवीत. तारा गुळगुळीत वेढ्याच्या, त्याही वर्षानुवर्षे न बदललेल्या. आवाज गोल, भरदार आणि किंचित दबका. दुसरे जॅको पास्टोरियस (१९५१-१९८७). त्यांचे वाद्य होते पडदे नसलेले जाझ बास. ते घोडीजवळच्या पिकअपपाशी तार छेडीत आणि तिच्यातून जवळजवळ गळ्यातून निघाल्यासारखा गाता स्वर काढीत.

कोणाचा आवाज श्रेष्ठ, हा प्रश्न व्यर्थ आहे. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. दोघांनी आपला आवाज बटणे फिरवून मिळवला नव्हता. तार कोणती, ती कोठे छेडायची, कोणत्या बोटाने आणि किती जोराने, या चार गोष्टींचा निर्णय त्यांनी केला होता. यवतमाळच्या घरात साध्या गिटारीवर रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे चारही निर्णय पूर्णपणे खुले आहेत.

उजवा हात : आवाज येथे जन्मतो

तार घोडीजवळ छेडली तर आवाज घट्ट, टोकदार आणि स्पष्ट येतो. दांडीच्या बाजूला सरकून छेडली तर तो गोल आणि मऊ होतो. याचे कारण तारेच्या कंपनात आहे. तार एकाच वेळी पूर्ण लांबीने आणि तिच्या निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या भागांनीही कंप पावते. त्यातून मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर निर्माण होतात. आपण कोठे छेडतो त्यावरून कोणते उपस्वर बळकट होतील ते ठरते. एकच स्वर घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत दोन-दोन बोटे सरकत वाजवून पाहावा. एका तारेत किती आवाज दडलेले आहेत, याचा प्रत्यय पाच मिनिटांत येतो. भावगीताला कोणता आणि लावणीला कोणता, हे ठरवण्याची दृष्टी यातूनच येते.

तर्जनी आणि मध्यमा या बोटांनी आळीपाळीने तार छेडणे ही सर्वमान्य पद्धत होय. बोट तारेखाली अडकवून वर उचलू नये. तसे केल्यास तार पडद्यांवर आपटते. बोटाच्या गादीने तार दाबत शेजारच्या जाड तारेवर बोट विसावू द्यावे. याने दोन कामे साधतात. स्वराला वजन येते आणि ती शेजारची तार आपोआप गप्प राहते. दोन्ही बोटांचा आवाज सारखा येतो की नाही, हे डोळे मिटून तपासावे. बहुतेकांची मध्यमा अधिक जोरात आणि तर्जनी दबकी वाजते. ऐकणाऱ्याला त्यामुळे लय अडखळल्यासारखी वाटते, पण कारण कळत नाही.

अंगठ्याचे स्थानही महत्त्वाचे आहे. आरंभी तो पिकअपवर टेकवावा. पातळ तारांकडे जाताना तो जाड तारांवर सरकवत न्यावा, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जाड तारा घुमत नाहीत. मनगट शक्य तितके सरळ राहावे. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती ठेवण्याची फॅशन दिसायला आकर्षक असली तरी ती मनगटाला काटकोनात वाकवते आणि पुढे दुखण्याला आमंत्रण देते. बसून वाजवताना वाद्य ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर उभ्याने राहील एवढा पट्टा आखूड करावा.

नवशिक्यांचा सर्वांत मोठा दोष म्हणजे अतिरिक्त जोर. जोरात छेडलेली तार आरंभीच्या क्षणी किंचित चढी लागते, पडद्यांवर खडखडते आणि तिचा स्वर लवकर कोसळतो. यावर उपाय सोपा आहे. अँप्लिफायरचा आवाज थोडा वाढवावा आणि हात हलका करावा. हलक्या हाताकडे जोराची राखीव पुंजी असते, ती गाण्याच्या ऐन मोक्याच्या जागी खर्च करता येते. सतत जोर लावणाऱ्याकडे वाढवायला काही शिल्लकच राहत नाही.

डावा हात : कमी दाब, योग्य जागा

प्रमाणित बास गिटारवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर असते. त्यामुळे पडद्यांमधील अंतरे मोठी होतात. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर १३ सेंटीमीटर भरते. चार बोटे चार पडद्यांवर ताणून ठेवण्याचा हट्ट येथे हाताला महागात पडतो. डबल बासच्या शिक्षणपद्धतीत यावर जुना तोडगा आहे. तर्जनी, मध्यमा आणि करंगळी यांनी तीनच पडदे सांभाळायचे, अनामिकेने करंगळीला साथ द्यायची आणि गरजेनुसार सारा हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या पडद्याच्या पुढे अंतरे लहान होतात, तेथे एका पडद्याला एक बोट ही पद्धत सुखाने वापरता येते.

बोट पडद्याच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण तिच्या मागे टेकवावे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबल्यास कितीतरी अधिक जोर लागतो आणि तरीही तार खरखरते. दाब किती असावा हे ठरवण्याची एक कसोटी आहे. बोट तारेवर नुसते ठेवून दुसऱ्या हाताने तार छेडत राहावी आणि दाब हळूहळू वाढवावा. ज्या क्षणी खरखर थांबून स्वच्छ स्वर निघतो तेवढाच दाब पुरेसा असतो. बहुतेक विद्यार्थी याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावीत आले आहेत, हे त्यांना या प्रयोगातच प्रथम उमगते.

बोटांच्या टोकांना घट्टे पडणे स्वाभाविक आहे. मनगटात, कोपरात किंवा अंगठ्याच्या मुळाशी होणारी वेदना मात्र स्वाभाविक नाही. ती सुरू होताच वादन थांबवावे. 'सहन करीत वाजवणे' हा रियाज नव्हे.

डग्ग्याने शिकवलेले मौन

आवाजाची गोष्ट येथवर आली. पण उत्तम बासवादकाची खरी ओळख त्याच्या मौनात असते. तो स्वर कोठे तोडतो, दोन स्वरांमध्ये किती मोकळी जागा ठेवतो, यावर गाण्याची चाल ठरते. याचा सर्वांत सुंदर पाठ आपल्या तबल्यात आहे.

त्रितालाचा ठेका आठवावा. सोळा मात्रांच्या या आवर्तनात डग्ग्याचा घुमारा सुरुवातीपासून चालू असतो. दहाव्या मात्रेला तो थांबतो आणि तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प राहतो. चौदाव्या मात्रेला 'धिं' येतो आणि घुमारा पुन्हा परततो. श्रोत्याला सम जवळ आल्याची चाहूल लागते ती खर्जाच्या या जाण्या-येण्यातून. बासवादकाने तबल्याचा ठेका लावून नेमके हेच करून पाहावे. पहिल्या नऊ मात्रा षड्ज-पंचम वाजवावे, चार मात्रा दोन्ही हातांनी तारा पूर्ण शांत ठेवाव्यात आणि चौदाव्या मात्रेवर पुन्हा स्वर धरावा. हा पाठ सोपा वाटतो, पण पहिल्या दिवशी बहुतेकांच्या चार मात्रांच्या शांततेत कोणती तरी तार गुणगुणतेच.

लयीचा रियाजही असाच चढत्या अवघडपणाने करावा. प्रथम मेट्रोनोमच्या प्रत्येक ठोक्यावर वाजवावे. मग ठोक्यांची गती निम्मी करावी आणि मधल्या मात्रा स्वतः सांभाळाव्यात. शेवटी ठोका केवळ समेवर यावा. सोळा मात्रा एकट्याने चालून समेवर यंत्राशी गाठ पडली, तर लय आपल्या अंगात मुरली असे समजावे. केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर षड्ज-पंचम ठेवणे, एवढ्या सामग्रीवर मराठी-हिंदी सुगम संगीतातील असंख्य गाणी सांभाळता येतात. अलंकार नंतर यावेत, पाया आधी पक्का व्हावा.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातील आदर्श

अशा वादनाचे आदर्श शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. गोव्यातील गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती. तेथून आलेल्या वादकांनी विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. राहुलदेव बर्मन (१९३९-१९९४) यांच्या ताफ्यात बास गिटार सांभाळली ती टोनी वाझ यांनी. त्याच ताफ्यात तालाची बाजू पाहत मारुतीराव कीर. १९७०च्या दशकातील 'कारवाँ' (१९७१), 'यादों की बारात' (१९७३) किंवा 'शोले' (१९७५) या चित्रपटांची गाणी चांगल्या हेडफोनवर लावावीत आणि गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ खालचा स्वर ऐकावा. ओळखीच्या गाण्याखाली एक दुसरे गाणे चाललेले आहे, असे लक्षात येईल. अशा एका गाण्याचा बास कानाने उतरवून काढणे हे महिनाभराच्या व्यायामांइतके फलदायी ठरते.

पुढच्या काळात दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चे राहुल राम यांनी गात-गात बास वाजवून हे वाद्य रंगमंचाच्या पुढच्या ओळीत आणले. मुंबईत १९९६ मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे यांनी बासवादक वडिलांकडून लहानपणीच धडे घेतले. दक्षिणेतील कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल मुखाने म्हणण्याची पद्धत, त्यांनी आपल्या वादनात उतरवली. तालाचे बोल आधी तोंडाने म्हणावेत आणि मग बोटांनी काढावेत, हे तंत्र तबल्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. बासच्या विद्यार्थ्यानेही ते निःसंकोच उचलावे.

वाद्याची जवारी : उन्हाळा आणि पावसाळा

मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढतात तेव्हा तोच तानपुरा बोलू लागतो. बास गिटारलाही तिची स्वतःची जवारी असते. तारांची उंची, दांडीचा बाक आणि घोडीवरील टेकूंची जागा या तीन गोष्टी नीट लावल्या की स्वस्तातले वाद्यही सुरेल बोलते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याला अधिकच महत्त्व आहे. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि जूननंतर तीच हवा ओलसर होते. लाकूड या बदलासरशी आक्रसते आणि फुगते. उन्हाळ्यात पडद्यांची टोके बोटाला टोचू लागणे, पावसाळ्यात तारा अचानक उंच वाटणे, ही त्याचीच लक्षणे होत. वाद्य बिघडले असे समजून ते विकू नये. दांडीच्या आत बाक कमी-अधिक करण्यासाठी लोखंडी सळई असते. तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे धडाला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली भेटकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट याहून बरीच जास्त किंवा अजिबात नसेल, तर सळई योग्य मापाच्या चावीने एका वेळी पाव फेराच फिरवावी. मग वाद्य स्वरात मिळवून पुन्हा पाहावे. चावी अडली तर जोर करू नये, जाणकाराकडे जावे. नागपूर यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. मोडलेली दांडी घेऊन तेथे जाण्यापेक्षा धड वाद्य घेऊन गेलेले बरे.

स्वर वरच्या पडद्यांवर बेसूर लागत असेल तर बाराव्या पडद्यावर तपासणी करावी. तेथे तारेला केवळ स्पर्श करून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एकच असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असल्यास घोडीवरील टेकू दांडीपासून दूर न्यावा, उतरता असल्यास जवळ आणावा.

तारांच्या बाबतीत तर आळस हाच मोठा शत्रू आहे. घाम आणि मळ तारेच्या वेढ्यांत साचला की वरचे उपस्वर मरतात आणि आवाज बोथट होतो. वादन संपताच सुती कापडाने तारा पुसल्या तर त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढते. कापसाच्या जिल्ह्यात हा उपाय महाग नाही! खडबडीत वेढ्याच्या तारा झळझळीत वाजतात, गुळगुळीत वेढ्याच्या तारा जुन्या चित्रपटगीतांसारख्या मवाळ वाजतात. नवे वाद्य घेण्यापूर्वी एकदा तारांचा संच बदलून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असल्यास वादनानंतर केबल काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली तर बॅटरी संपत जाते आणि एके दिवशी ऐन कार्यक्रमात आवाज फाटतो.

मंडपातील आवाज

घरी गोड वाटणारा बास मंडपात हरवतो, ही सर्वांचीच तक्रार असते. त्यावर बासचे बटण पूर्ण फिरवणे हा उपाय नाही. लहान स्पीकर ४१ कंपनांचा स्वर मुळी पुरेसा उमटवूच शकत नाहीत. आपला कान उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. म्हणून २५० ते ८०० हर्ट्झ या मधल्या पट्ट्यात किंचित वाढ केली, तर स्वर स्पष्ट ऐकू येतो. तळाचा पट्टा वाढवत गेल्यास ड्रम आणि बास एकमेकांत मिसळून केवळ घरघर उरते. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज भरदार वाटतो तो मेळात अनेकदा गढूळ ठरतो आणि एकट्याने किंचित कडक वाटणारा आवाज मेळात नेमका बसतो. खर्जाच्या लहरी लांब असतात, ४१ कंपनांची लहर आठ मीटरहून मोठी असते. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला अँप्लिफायर म्हणूनच अधिक घुमतो. तो कोपऱ्यातून दोन हात पुढे सरकवणे हा बिनखर्ची इलाज आहे.

एक इशारा येथे आवर्जून द्यावासा वाटतो. विजेच्या गिटारच्या तारा घोडीमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपातील तात्पुरत्या वीजजोडणीत अर्थिंग सदोष असेल तर हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला, अशा स्थितीत जीवघेणा धक्का बसू शकतो. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार कधीही करू नये. कार्यक्रमाआधी वीजतंत्र्याकडून जोडणी तपासून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. राज्य शासन ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. खर्जाचा आवाज भिंती ओलांडून सर्वांत दूर जातो, याचे भान बासवादकाने इतरांपेक्षा अधिक ठेवले पाहिजे.

रोजचा पाऊण तास

रियाजासाठी दिवसाकाठी ४५ मिनिटे पुरेशी आहेत, मात्र ती रोज हवीत. पहिली दहा मिनिटे तानपुऱ्यावर लांब स्वर. पुढील दहा मिनिटे उजव्या हाताची बोटे, संथ लयीत, दोन्ही बोटांचा आवाज एक होईपर्यंत. नंतर दहा मिनिटे सप्तकाचे आरोह-अवरोह, डाव्या हाताचा दाब तपासत. शेवटची पंधरा मिनिटे एखादे गाणे. आठवड्यातून एकदा आपले वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि ते फोनच्या स्पीकरवर न ऐकता हेडफोनवर ऐकावे. वाजवताना न दिसलेले दोष तेथे लख्ख दिसतात. महिन्याभराने पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. वाद्य तेच, तारा त्याच, अँप्लिफायरही तोच असतो, तरी आवाज बदललेला असतो.

बासवादकाचे नाव घोषणेत शेवटी येते, टाळ्या गायकाला मिळतात. पण तो थांबला की श्रोत्यांपैकी संगीत न जाणणाऱ्यालाही काहीतरी निसटल्याची जाणीव होते. घराच्या पायाकडे कोणी पाहत नाही, तसेच हे आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील एखादा तरुण आज घराच्या मागच्या खोलीत एकटाच एक स्वर धरून बसला असेल, तर त्याला नव्या यंत्राची नव्हे, संयमाची गरज आहे. पुढच्या नवरात्रात मंडपातून कोणी 'बास वाढव' म्हणाले, तर त्याने आवाज वाढवू नये, स्वर लावावा. ऐकणाऱ्यांना फरक कळतो.